जूनमध्ये लिस्बन : रात्री कुठे बसायचं, कुठे नाचायचं?

मिरकरवाडा

मंडळी, मी रत्नागिरीत मासळीच्या एक्स्पोर्टमध्ये कामाला आहे. 1 जूनला मासेमारी बंदी लागली की आमच्याकडे काम मंदावतं, त्यामुळे मोठी रजा दरवर्षी जूनमध्येच मिळते. यंदा लिस्बनची तिकिटं काढलीत. 11 जूनला गुरुवारी दुपारी पोचतो, सोमवारी सकाळी परतीचं विमान. मी, बायको, कॉलेजपासूनचा मित्र आणि त्याची बायको. मुलं आजीकडे ठेवून चाललोय. बऱ्याच वर्षांनी रात्री घड्याळ न बघता बाहेर राहता येणार आहे, तेव्हा रात्री वाया घालवायच्या नाहीत.

दिवसाचं ठरलंय. बेलेंचा बुरूज, सिंत्रा, जुनी ट्राम वगैरे. रात्रीचं मात्र काही कळत नाहीये. नेटवर याद्या भरपूर आहेत, सगळ्यांत तीच तीच नावं आणि तेच तेच फोटो. तिथे प्रत्यक्ष राहिलेल्या माणसाने सांगितलेलं हवंय.

आमचं असं आहे. मला बिअर चालते, मित्राला सगळंच चालतं. त्याच्या बायकोला नाचायचंय, तिने आत्तापासून बूट वेगळे काढून ठेवलेत. माझी बायको घेत नाही, पण ती नाट्यसंगीत शिकलेली आहे, चांगलं गाणं असेल तर पहाटेपर्यंत बसेल. हॉटेल रोसियो चौकाजवळ आहे. कुठे जायचं, किती वाजता जायचं, बायका बरोबर असताना रात्री फिरणं कसं, एवढं सांगा.

हर्णै बंदर

लुक्स फ्राजील क्लब. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल.

सांता अपोलोनिया स्टेशनसमोर, अगदी तेजो नदीच्या काठावर, जुन्या गोदामात आहे. 1998 पासून चालू. मानुएल रेश म्हणून ज्यांनी काढलं ते 2018 मध्ये गेले, पण जागेचा दर्जा टिकून आहे. सुरुवातीच्या भागीदारांत जॉन माल्कोविच हा हॉलिवूडचा नट होता. खाली डान्स फ्लोअर, वर बार, त्याच्या वर गच्ची. साउंड सिस्टिम अशी की बास छातीत जाणवतो पण शेजारच्याशी बोलताही येतं. दोनच्या आधी जाऊ नका, रिकामं वाटेल. सकाळी गच्चीवर जाऊन नदीवर उजाडताना बघा.

फादो, म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं, वगैरे पर्यटकांसाठी ठेवलेलं असतं. जेवणाचे पैसे दुप्पट घेतात आणि रडकी गाणी ऐकवतात. त्यात एक रात्र घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

वेंगुर्ल्याचो झील

मिरकरवाडा, मी वेंगुर्ल्याचा. लिस्बनला बाइरो आल्तोमधल्या एका छोट्या बारमध्ये काही वर्षं काउंटरमागे उभा होतो. आता गावी परत येऊन स्वतःची खाणावळ चालवतो. त्यामुळे सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. एका रात्री एक वस्ती. रोज रात्री पाच-सहा बार गाठायला निघालेले लोक मी काउंटरमागून खूप बघितले. आले, फोटो काढला, पुढच्या बारचा पत्ता विचारला आणि गेले. त्यांना लिस्बन दिसलं नाही. तिथली रात्र सावकाश चढते. एका जागी बसलात, शेजारच्या माणसाशी चार शब्द बोललात की मग ती तुम्हाला आत घेते.

वेळेचं गणित असं. जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. लोक जेवायला बसतात त्यानंतर. बार भरतात अकराला, क्लब दोनला. आपल्या घड्याळापेक्षा लिस्बन उन्हाळ्यात साडेचार तास मागे आहे, म्हणजे तिथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा तुमचं शरीर अडीच वाजले म्हणून सांगत असतं. म्हणून गुरुवारी पहिल्याच रात्री मोठा बेत आखू नका. आणि रोज दुपारी तासभर झोपा. हा सल्ला किरकोळ वाटेल, पण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

गुरुवार. रोसियोच्या कोपऱ्यावरच सांव दोमिंगुश चौक आहे, तुमच्या हॉटेलपासून चालत पाच मिनिटं. तिथे 'आ जिंजिन्या' नावाचं दुकान 1840 पासून आहे. दुकान म्हणजे काय, भिंतीत एक दार आणि आत एक काउंटर. बसायला जागा नाही. आंबट चेरी, साखर आणि थोडी दालचिनी घालून दारूत मुरवलेली जिंजिन्या छोट्या पेल्यात देतात. विचारतात, चेरी घालून की बिनचेरीची? घालूनच घ्या. पेला हातात घेऊन बाहेर चौकात उभं राहायचं, चेरी खाऊन बी तिथेच टाकायची. त्यामुळे दारासमोरची फरशी कायम चिकट असते, बूट चर्रचर्र करतात. तिथे आजोबा असतात, ऑफिसातून सुटलेल्या बायका असतात, चौकात जमलेले आफ्रिकन लोक असतात. एकच पेला घ्या, गोड असली तरी चढते.

मग चढण चढून बाइरो आल्तोला जा. सोळाव्या शतकात आखलेली वस्ती, अरुंद सरळ गल्ल्या. 1755 च्या भूकंपात खालचा भाग जमीनदोस्त झाला, हा बराचसा वाचला. रुआ दा आतालाया, रुआ दो नोर्ते, रुआ दा बारोका या तीन गल्ल्यांत फिरलात तरी पुरे. इथले बार म्हणजे एकेक खोली. आत दहा माणसं मावतात, बाकी सगळे गल्लीत. आतून बिअर घ्यायची आणि बाहेर भिंतीला टेकून उभं राहायचं. मी होतो तेव्हा रस्त्यावर प्यायला तिथे कोणी हरकत घेत नसे, फक्त काचेचा ग्लास बाहेर नेऊ देत नसत. आता काय नियम आहे ते बारमध्येच विचारा.

बिअर मागताना 'इम्पेरियाल' म्हणायचं. वीस सेंटिलिटरचा छोटा ग्लास येतो. आपल्याकडच्या माणसाला तो बघून पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटतं, पण त्यामागे विचार आहे. मोठा ग्लास अर्धा होईपर्यंत कोमट होतो, हा संपेपर्यंत गार राहतो. भरण्याचीही पद्धत आहे. ग्लास आधी गार पाण्याने विसळायचा, तिरका धरून नळ पूर्ण उघडायचा, पाऊण भरला की सरळ करायचा आणि शेवटी वरून दोन बोटं फेस बसवायचा. आमचा जुना बारमन फेस कमी असलेला ग्लास गिऱ्हाइकापुढे ठेवूच द्यायचा नाही, ओतून परत भरायला लावायचा. फेसाने बिअरचा वास आणि वायू धरून राहतो, असं तो सांगायचा. साग्रेश की सुपर बॉक हे विचारू नका. बारचा ज्या कंपनीशी करार असेल, तीच नळाला असते.

बरोबर चखण्याला पिवळ्या चपट्या शेंगबिया येतील, त्रेमोसुश. खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या असतात. साल खायची नसते. कडेला दाताने किंचित चीर पाडून दोन बोटांनी दाबली की बी सटकन तोंडात येते. वहिनींनाही चालतील, पूर्ण शाकाहारी आहेत.

एक लक्षात ठेवा. त्या गल्ल्यांत वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात. त्यांना रात्रभर तो गलका सहन करावा लागतो. अकरानंतर आवाज खाली ठेवा. आमच्या बारच्या वर राहणाऱ्या आजी खिडकी उघडून नुसत्या बघायच्या, काही बोलायच्या नाहीत, आणि मला फार वाईट वाटायचं. पर्यटकांच्या भाड्यापायी त्या वस्तीतली कितीतरी जुनी कुटुंबं निघून गेली. जी उरली आहेत त्यांच्यामुळेच तिथे अजून जीव आहे.

शुक्रवार, 12 जून. मिरकरवाडा, तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही कुठल्या रात्री तिथे असणार आहात? 12 जूनची रात्र म्हणजे सांतो आंतोनियोची रात्र, लिस्बनमधला वर्षातला सगळ्यात मोठा उत्सव. 13 ला शहराची सुट्टी असते. त्या रात्री बार, क्लब सगळं विसरा. पूर्ण शहर हाच एक बार असतो.

आव्हेनिदा दा लिबेरदादवर वस्त्यांचे ताफे निघतात. आल्फामा, बिका, मादरागोआ, प्रत्येक वस्तीचा आपला पोशाख, आपलं गाणं, आणि त्यांच्यात स्पर्धा. 1932 पासून ही प्रथा आहे. ती थोडा वेळ बघा आणि मग आल्फामाच्या गल्ल्यांत शिरा. घराघरासमोर निखाऱ्यावर तारली भाजत असतात. हो, आपलीच तारली, जातकुळी जवळची. जूनमध्ये ती चरबीने भरलेली असते. आत काही काढत नाहीत, वर फक्त जाडं मीठ. भाजलेली तारली पावाच्या जाड फोडीवर ठेवून देतात. हाताने खायची, आणि तिची चरबी त्या पावात मुरते तो पाव सगळ्यात शेवटी खायचा. तुम्ही मासळीतले आहात, तुम्हाला त्या पावाची किंमत कळेल.

गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी स्पीकर लावून 'पिंबा' गाणी वाजवत असतं. पिंबा म्हणजे गावठी, चावट, सगळ्यांना पाठ असलेली गाणी. आज्या, नातवंडं, पोलीस, सगळे डोलत असतात. मित्राच्या बायकोला नाचायला क्लबमध्ये जावं लागणार नाही. कुंडीत बारीक पानांची तुळशीच्या कुळातली रोपं विकायला असतात, मांजेरिको, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. एकमेकांना प्रेमाने द्यायची पद्धत आहे. त्याचा वास नाक लावून घेत नाहीत, रोप कोमेजतं म्हणतात. तळवा हलकेच वरून फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. दोघांनीही आपापल्या बायकोला एकेक घ्या.

त्या रात्री गर्दी प्रचंड असते. आल्फामात एकदा शिरलात की हवं तिथे वळता येत नाही, गर्दी नेईल तिकडे जायचं. चौघांनी आधीच भेटायची जागा ठरवा. मोबाइल पुढच्या खिशात.

शनिवार. आता फादो. हर्णै बंदर, तुमचं मत मनापासूनचं आहे, पण मला ते मान्य नाही. पर्यटकांना लुटणारी फादोची हॉटेलं आहेत, खरं आहे. दारात मेनू घेऊन ओढणारा माणूस उभा असेल तर तिथे जाऊच नये. पण त्यावरून फादो टाकून द्यायचा? हे गाणं मौरारिया आणि आल्फामासारख्या गरीब वस्त्यांतून आलंय, खलाशांच्या, हमालांच्या, वेश्यावस्तीतल्या बायकांच्या तोंडून. पहिली गाजलेली गायिका मारिया सेव्हेरा मौरारियात राहायची, 1846 मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेली. शंभर वर्षांनंतर आमालिया रोद्रिगेशने तेच गाणं जगभर नेलं. ती 1999 मध्ये वारली तेव्हा देशाने तीन दिवस दुखवटा पाळला. 2011 मध्ये युनेस्कोने फादोला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. रडकी गाणी म्हणून हे बाजूला सारता येत नाही.

बाइरो आल्तोत 'ताश्का दो शिको' म्हणून जागा आहे. भिंतीवर फोटो आणि स्कार्फ खच्चून भरलेले, लाकडी बाकं, जेमतेम दोन डझन माणसं. तिथे हौशी लोकही गातात, टॅक्सीवाला, कोपऱ्यावरची बाई, कोणीही. दारं उघडायच्या आधी जाऊन उभं राहावं लागतं. आल्फामात 'मेझा द फ्रादश' आहे, जुन्या प्रार्थनाघरात, भिंतींना निळ्या-पांढऱ्या फरशा. तिथे जेवणासकट बसावं लागतं, महाग आहे, आधी जागा राखा.

गाणं सुरू होताना काय होतं ते सांगतो. दिवे मंद करतात. वाढपी हातातला ट्रे तसाच धरून भिंतीला लागून उभा राहतो. कोणीतरी म्हणतं, शांतता, फादो होणार आहे. बारा तारांची पोर्तुगीज गिटार, पोट गोल, मान आखूड, आणि तिच्या साथीला साधी गिटार. गाणारी बाई माइक घेत नाही. डोळे मिटते, खांद्यावरची शाल दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि मान मागे टाकून सूर लावते. ताल कधी ओढते, कधी सोडते, गिटारवाला तिच्या श्वासाकडे बघत थांबतो. मग शेवटच्या ओळीला पूर्ण सोडून देते. तोवर खोलीत काटा-चमचा वाजत नाही. त्या वेळी कोणी कुजबुजलं तर सगळे वळून बघतात. भाषा एक अक्षर कळली नाही तरी वहिनींना त्या जागा बरोबर कळतील, माझी खात्री आहे. मोबाइल खाली ठेवा. तीन-तीन गाण्यांनंतर दिवे लागतात, तेव्हा बोला, मागवा, हसा.

टेबलावर न मागता ऑलिव्ह, पाव, चीज ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात लावू नका आणि परत न्यायला सांगा, न खाल्लेल्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, तसा कायदाच आहे.

अकरा-साडेअकराला तिथून उठा आणि उतारावरून काइश दो सोद्रेला या. हा बंदराचा भाग. एकेकाळी इथे फक्त खलाशांचे बार होते, म्हणून बारची नावं बघा, टोकियो, जमैका, ऑस्लो, लिव्हरपूल. ज्या देशाचं जहाज लागलं, त्या देशाच्या माणसाला आपल्या गावचं नाव दिसावं म्हणून. 2011 मध्ये रुआ नोव्हा दो कार्वाल्यो ही मुख्य गल्ली गाड्यांना बंद केली आणि जमीन गुलाबी रंगवली. फोटोपुरती ती बघा. तिथेच 'सोल ई पेश्का' आहे. पूर्वी गळ, दोऱ्या, जाळ्याचं सामान विकायचे, ती कपाटं तशीच ठेवून आता त्यांत माशांचे डबे मांडलेत. तारली, बांगडा, ट्यूना, माकूल. डबा निवडायचा, ते उघडून पाव आणि कांद्याबरोबर देतात. तुमच्या धंद्याच्या दृष्टीने तर हे बघायलाच हवं. साधी तारली इतकी नीट डब्यात घालून, रंगीत कागदात गुंडाळून, लोक अभिमानाने भेट म्हणून देतात. जवळच 'ब्रिटिश बार' आहे, शंभर वर्षांहून जुना, त्यातलं भिंतीवरचं घड्याळ उलटं चालतं. मित्राला तिथे बसू द्या.

आणि मग बी.लेझा, नाचायचा क्लब. हे नाव लिहून ठेवा. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय, कारण याद्यांत ते एकतर नसतं किंवा शेवटी असतं.

नदीकाठी गोदामांच्या रांगेत आहे, काइश दो सोद्रेहून चालत. नाव पडलंय बी. लेझा या केप व्हर्देच्या संगीतकारावरून, तो 1958 मध्ये गेला. आधी हा क्लब एका पडक्या वाड्यात होता, तो बंद झाला आणि 2012 मध्ये नदीकाठी पुन्हा उघडला. केप व्हर्दे, अंगोला, गिनी-बिसाऊ या पोर्तुगालच्या जुन्या वसाहती. तिथून आलेली माणसं लिस्बनमध्ये इमारती बांधतात, ऑफिसं झाडतात, हॉटेलांत भांडी घासतात. माझ्याबरोबर स्वयंपाकघरात केप व्हर्देचाच माणूस होता. आठवडाभर खाली मान घालून काम करायचा आणि शनिवारी रात्री इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बी.लेझाला जायचा. मला पहिल्यांदा त्यानेच नेलं. तिथे तो वेगळा माणूस होता. सगळे त्याला वाट करून देत होते, इतका सुंदर नाचायचा.

वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवतो. सुरुवातीला मोर्ना, संथ. मग किझोंबा, जोडीने, जवळून, पाय जमिनीवरून फारसे न उचलता. आणि मध्यरात्र उलटली की फुनाना. त्यात अकॉर्डियन असतं आणि एक लोखंडी पट्टी, खांद्याला टेकवून उभी धरतात आणि सुरीने वरखाली खरवडतात. बस्स. पण तो ठेका सुरू झाला की शिमग्यात पालखीपुढचा ढोल ऐकून पाय जसे आपोआप उचलतात, तसं होतं. पोर्तुगीजांच्या राज्यात हे संगीत हलकं म्हणून दाबून ठेवलं होतं, केप व्हर्दे 1975 मध्ये स्वतंत्र झाल्यावर ते मोकळं झालं. साठीच्या बायका विशीच्या पोरांना नाच शिकवत असतात. अनोळखी माणूस तुमच्या बायकोपुढे हात करून नाचायला विचारेल. ती तिथली रीत आहे. हसून नाही म्हटलं तर तो मान तुकवून जातो, पुन्हा विचारत नाही. नाच झाला की जागेवर आणून सोडतो.

नाचायचे बूट घालून यायची जागा ही आहे, मित्राच्या बायकोला सांगा.

हर्णै बंदर, लुक्सबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबरच आहे. बी.लेझानंतर कोणात दम उरला तर जावं.

रेवदंड्याची सून

झील दादा, किती मनापासून लिहिलंयत! आमच्या शेजारी कोर्लईला अजूनही काही घरांत पोर्तुगीजातून आलेली बोली बोलतात, त्यामुळे लिस्बनचं मला लहानपणापासून कुतूहल. मी आणि माझी नणंद दोघीच गेलो होतो. बायकांच्या बाजूने थोडं लिहिते.

रात्री फिरायला भीती वाटली नाही. गल्ल्या अरुंद असल्या तरी माणसांनी भरलेल्या असतात. सुनसान जिने टाळले, एवढंच. पेला नजरेआड ठेवायचा नाही, हे कुठेही लागू आहे. पायात मात्र रबरी तळाचे बूट हवेत. फुटपाथ छोट्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडांचे आहेत, उतारावर नुसतं दव पडलं तरी पाय सटकतो. आणि जूनमध्येही रात्री नदीवरून गार वारा येतो, पातळ जॅकेट ठेवा.

मिरकरवाडा, मीही घेत नाही, त्यामुळे वहिनींसाठी. कामोंइश चौकात जुन्या पद्धतीचं लोखंडी किऑस्क आहे. तिथे 'कापिले' मागा, एका प्रकारच्या नेच्याच्या पानांपासून केलेलं सरबत, वर लिंबाची साल. त्याच चौकात 'मान्तेगारिया' मध्ये अंड्याच्या मलईचे छोटे गोड टार्ट मिळतात. भट्टीतून नवा घाणा निघाला की घंटा वाजवतात. मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं. घंटा ऐकली की आम्ही दोघी रस्ता ओलांडून जायचो. बारमध्ये 'आग्वा दश पेद्राश' म्हणून मिळणारं सोड्याचं पाणी घ्यावं, नैसर्गिक झऱ्याचं आहे, रात्री उशिरा जेवल्यावर फार बरं वाटतं.

मिरकरवाडा

सगळ्यांचे आभार. बायकोला फादोचं वाचून दाखवलं, तिने आत्ताच मेझा द फ्रादश शोधायला घेतलंय. 12 जूनचं आम्हाला खरंच माहीत नव्हतं, तिकीट स्वस्त होतं म्हणून ती तारीख घेतली!

झील दादा, तीन प्रश्न. क्लबमध्ये प्रवेशाचं कसं असतं, दारावर अडवतात का? रात्री परत कसं यायचं? आणि रविवारी काय करू, सोमवारी सकाळी विमान आहे.

वेंगुर्ल्याचो झील

दारावर. चौघं नीट कपड्यांत, शांतपणे गेलात तर अडचण येऊ नये. काही क्लबांत एक वाईट पद्धत आहे. नको असलेल्या माणसाला सरळ नाही म्हणत नाहीत, किमान खर्चाचा भलताच मोठा आकडा सांगतात. एका ठिकाणी मला आणि त्या केप व्हर्देच्या मित्राला असाच आकडा सांगितला होता, आमच्या पुढच्या गोऱ्या पोरांना मात्र तसंच सोडलं. अजून आठवलं की राग येतो. तसं झालं तर वाद घालू नका, एक पैसा देऊ नका, दुसरीकडे जा. शहरात जागांची वाण नाही. बी.लेझात माझ्यासमोर असं कधी झालं नाही.

बऱ्याच क्लबांत आत जाताना एक कार्ड देतात. जे घ्याल ते त्यावर लिहिलं जातं आणि बाहेर पडताना हिशेब होतो. ते कार्ड हरवलं तर जबर दंड लावतात. चौघांची कार्डं एकाकडे देऊ नका, प्रत्येकाने आपलं आपल्याकडे ठेवा.

परत येणं. मेट्रो रात्री एकला बंद होते, सकाळी साडेसहाला सुरू. मधल्या वेळेत काइश दो सोद्रेहून रात्रीच्या बस सुटतात. उबर आणि बोल्ट दोन्ही चालतात, चौघांत भाडं विभागलं की परवडतं. खरं तर काइश दो सोद्रे ते रोसियो हे अंतर पंधरा-वीस मिनिटांचं, बराचसा सपाट रस्ता, लोक चालतच येतात. फक्त 12 तारखेच्या रात्री जुन्या शहरात गाडी शिरूच शकत नाही, त्या रात्री चालायचंच हे धरून चला.

रोसियो आणि खालच्या बाजारपेठेत संध्याकाळी काही माणसं जवळ येऊन हळूच गांजा, कोकेन म्हणून विचारतात. बहुतेक वेळा त्यांच्याकडे असतो तो निव्वळ पाला किंवा पीठ. थांबू नका, बोलू नका, चालत राहा. पोर्तुगालने 2001 मध्ये स्वतःपुरतं बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं, त्याचा लोक चुकीचा अर्थ घेतात. विकणं गुन्हा आहेच, आणि बाळगलेलं सापडलं तरी जप्त होतं आणि आयोगापुढे उभं राहावं लागतं. काही गेलं, चोरीला वगैरे, तर रेश्तावरादोरेश चौकात पर्यटकांसाठी वेगळी पोलीस चौकी आहे, तुमच्या हॉटेलजवळच. आणीबाणीला 112.

रविवार. त्या दिवशी बाइरो आल्तो थंड असतो, त्यामुळे तिकडे नको. बी.लेझात रविवारी संध्याकाळी किझोंबा शिकवतात आणि मग तिथेच नाच होतो. जायच्या आधी त्यांच्या पानावर वेळ बघून घ्या. शनिवारी मित्राच्या बायकोचे पाय अडखळले असतील तर रविवारी नीट शिकून घेता येतील. तुम्ही आणि वहिनी त्या वेळात ग्रासाच्या टेकडीवर जा. वर चर्चपुढे गच्ची आहे, खाली सगळी कौलं आणि पलीकडे नदीवरचा लाल पूल. किऑस्कवर एक इम्पेरियाल तुमच्यासाठी, लिंबाचं सरबत वहिनींसाठी. आणि उत्सवाच्या निखाऱ्यावरची तारली पूर्ण जूनभर मिळते, त्या टेकडीच्या गल्ल्यांतही. 12 ला गर्दीत पोटभर खाता आली नाही तर रविवारी निवांत बसून खा.

देवगडची वाडी

झील दादा, तुमची खाणावळ वेंगुर्ल्यात खंय? त्रेमोसुश मिळतत काय थंय?

वेंगुर्ल्याचो झील

देवगड, बंदराच्या रस्त्याला. त्रेमोसुश नाहीत, त्या बिया इथे मिळत नाहीत. पण सुरमई संपली तरी तारली असते, आणि खाली पाव ठेवूनच देतो.

मिरकरवाडा, एक राहिलं. सोमवारी विमान सकाळचं आहे. साडेसहाची पहिली मेट्रो धरून रोसियोहून हिरव्या लाइनने आलामेदा आणि तिथे लाल लाइन पकडली की थेट विमानतळ. त्याआधी निघायचं असेल तर रविवारी रात्री झोपायच्या आधीच गाडी बुक करून ठेवा.